पलीकडच्या टोकाची भाजी

जमिनीखालच्या केबलला दोन टोकं असतात आणि टेस्टिंगच्या दिवशी दोन्हीकडं माणूस लागतो. एका टोकाला गाडी, जनरेटर, टेस्ट सेट, साहेबांची खुर्ची आणि चहाचा थर्मास. दुसऱ्या टोकाला नुसता माणूस. टेस्टिंगची कामं घेणाऱ्या अण्णांच्या हाताखाली होतो तोवर तो दुसऱ्या टोकाचा माणूस मीच असायचो.

नवी केबल चरात टाकली, सांधे मारले, की लगेच लाईन जोडत नाहीत. आधी तिच्यावर रोजच्यापेक्षा जास्त विजेचा दाब देऊन बघतात. कुठं कच्ची असेल तर आत्ताच फुटू दे, पुढं लोकांच्या घरात अंधार करून फुटायला नको. त्या वेळी पलीकडचं टोक उघडं असतं. तीन फाटे बोटं पसरल्यासारखे, लाकडाच्या तिकाटण्याला नायलॉनच्या दोरीनं बांधलेले. दिसायला एखादी वाळकी मुळी. आवाज नाही, उजेड नाही, पण दाब चढला की जवळ आलेल्याला ते सोडत नाही. म्हणून चारी बाजूंनी दोर बांधायचा, दोराला लाल चिंध्या लावायच्या आणि आत कुणी येऊ द्यायचं नाही.

दाब देईपर्यंत त्या टोकाला अर्थिंग लावलेलं असतं. म्हणजे जाड तांब्याची तार, तिचं एक तोंड जमिनीत ठोकलेल्या सळईला आणि दुसरं केबलच्या फाट्यांना. ते लावलेलं असेल तर केबल मेलेली. ते काढून मी दोराबाहेर आलो आणि तसं कळवलं, की मगच अण्णांनी गाडीतून दाब द्यायचा. अर्थिंग काढल्यापासून दोराबाहेर येईपर्यंतचा जो वेळ, त्यात माझा जीव अण्णांच्या बोटात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पहिल्या दिवसापासून माझ्या तळव्यांना घाम यायचा. अण्णा हसायचे. म्हणायचे, "भ्यालेला माणूस बरा. न भिणारा मला नको."

जोयड्याच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते. कळवायचं ते वॉकीटॉकीवरून, आणि त्यातही डोंगर आडवा आला की नुसती खरखर. त्या खरखरीत 'हो' म्हटलेलं आणि 'थांबा' म्हटलेलं सारखंच. म्हणून अण्णांनी एक रीत घातली होती. रोज सकाळी गाडी निघायच्या आधी मी त्यांच्या कानात एका भाजीचं नाव सांगायचं. ती त्या दिवसाची भाजी. काम संपलं, दोराबाहेर आलो, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं, की वॉकीटॉकीवर ती भाजी म्हणायची. भाजी ऐकल्याशिवाय अण्णा सेटला हात लावणार नाहीत. एकदा झालेली भाजी परत नाही, आणि डब्यात असलेली तर नाहीच, कारण डब्याची गोष्ट कुणीही बोलून जातं.

मी परभणीकडचा. भेंडी, दोडका, पडवळ हे लवकरच संपलं. मग मी आमच्याकडच्या रानभाज्यांवर आलो. करडी, हादग्याची फुलं, कुर्डू. अण्णा रामनगरचे, त्यांचे आजे-पणजे खानापूरकडचे. त्यांना यातलं निम्मं ठाऊक नसायचं.

"ह्ये काय खाता रं तुम्ही लोक?" ते विचारायचे. "भाजी हाय का जनावराची वैरण?"

"आई करती अण्णा. लसूण घालून."

"मग एकदा आईलाच आण इकडं. आमच्या बाईला बी शिकू दे."

मला ते बोलणं फार आवडायचं. घरापासून इतकं लांब, रोज सकाळी एकदा तरी आईच्या चुलीवरचं काहीतरी तोंडातून निघायचं, आणि त्यावर माझा जीव टांगलेला असायचा. मला वाटायचं, आईच राखण करतीय.

अण्णांचे माझ्यावर उपकार होते, आणि ते मी आजही नाकारत नाही. आठवीत शाळा सोडली, नंतर जिथं खड्डा तिथं मी. चर खोदणाऱ्या टोळीबरोबर रामनगरला आलो आणि कावीळ झाली. टोळी पुढच्या कामाला निघून गेली. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर पडून होतो. अण्णांनी मला उचलून घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, मी तिला अक्का म्हणतो, मला पेज पाजून उभं केलं. मग अण्णांनी हातात पान्हा दिला, नंतर केबल तपासायचा मेगर दिला, सेट कसा चालवायचा तेही शिकवलं. फोनवर आईला सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, "त्या माणसाचं कधी वाईट चिंतू नको." कधी चिंतलंही नव्हतं.

ती केबल गुंदकडून नंदिगड्ड्याच्या बाजूला गेली होती. पावसाळ्यात झाडं पडून वरच्या तारा तुटायच्या आणि गावंच्या गावं अंधारात राहायची, म्हणून रस्त्याच्या कडेनं चर मारून केबल घातलेली. पलीकडचं टोक एका घराच्या शेताला लागून वर आलं होतं. भात कापून झालेलं, खळं सारवलेलं, परड्यात कोनाचे, म्हणजे तिकडच्या कंदाचे, वेल वाळत आलेले. त्या घरातले म्हातारे अज्जा रोज मला चहा आणून द्यायचे. चहा दोराबाहेर दगडावर ठेवायचे आणि चार पावलं मागं सरून बसायचे. दोराच्या आत यायचं नाही हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.

"वाघाला आमी असंच जागा सोडतो," ते म्हणाले होते. "दिसत न्हाई, पर हाय म्हणून समजायचं."

त्यांच्या मागोमाग त्यांचा कुत्रा यायचा. काळा, एक कान फाटलेला. रानडुकरानं फाडला होता. कापणीच्या आधीचे दिवस सगळं भात त्या कुत्र्यानं राखलेलं, असं अज्जा कौतुकानं सांगायचे.

त्या दिवसाची भाजी होती चिघळ. आमच्याकडं काळ्या रानात जमिनीसरपट पसरते, पानं जाड आणि आंबूस. आई डाळीत घालते. अण्णांनी दोनदा विचारून घेतलं होतं. "चिघळ? ह्ये तर तू आत्ता मनानं केलंस." मी शपथ घेतली तेव्हा कुठं मान हलवली.

काम ठरल्यासारखं चाललं होतं. टोकावर पोचलो तेव्हा कळवलं. फाटे पुसून घेतले. वॉकीटॉकी दोराबाहेर फणसाच्या फांदीला अडकवलेली, कारण अर्थिंग काढायला दोन्ही हात लागतात. लांब दांड्याची काठी असते, तिनं एकेक क्लॅम्प उतरवायचा. तिन्ही उतरवले. वळलो. अज्जा चहा घेऊन येताना दिसले, म्हणून हात वर केला, "तिथंच थांबा अज्जा." ते थांबले. कुत्रा थांबला नाही. रोज त्याला भाकरीचा तुकडा देत होतो ना मी. तो दोराखालून आत आला, माझ्या पायाशी न येता फाट्यांकडं गेला आणि नाक वर केलं.

फटाका फुटावा तसा एकच आवाज झाला. कुत्रा ओरडलाही नाही.

मी जिथं होतो तिथंच उभा राहिलो. पहिल्यांदा काही कळलंच नाही. अर्थिंग तर मीच काढलं होतं, पण भाजी कुठं सांगितली होती? मग फांदीवरून अण्णांचा आवाज आला. "ट्रिप झालं रं. काय झालं? ऐ पोरा. बोल की." आवाज कापत होता. मी दोराबाहेर जाऊन यंत्र हातात घेतलं आणि म्हणालो, "मी हाय." पलीकडं बराच वेळ नुसती खरखर. मग, "देव पावला. तिथंच थांब. कशाला हात लावू नको. मी सेट बंद करून अर्थिंग केलंय."

जीपमधून उतरून ते धावतच आले. साठीचा माणूस. मला मिठी मारली. माझी पाठ, हात, डोकं चाचपून बघितलं, लहान पोराला बघतात तसं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. यावर मी पुष्कळ विचार केलाय. ते पाणी खरंच होतं.

मागच्या गाडीनं साहेब आले. कंपनीचे इंजिनियर, कानडी बोलणारे, माणूस सज्जन. त्यांनी कुत्रा बघितला, दोर बघितला, मग अण्णांना विचारलं, टोकाजवळ जनावर असताना दाब कसा दिला?

अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "यानं शब्द दिला साहेब. शब्द आल्याशिवाय मी चालू करत न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय."

"काय शब्द दिला?"

"चिघळ म्हणाला."

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, तोही हसून मान हलवायला लागला, असली भाजी त्यानं ऐकलीच नव्हती. आणि तिथंच गोष्ट पक्की झाली. एवढा विचित्र शब्द अण्णा कशाला मनानं रचतील? तो माझ्याच तोंडून आला असणार. आलाही होता, पण सकाळी, त्यांच्या कानात.

मी तोंड उघडलं होतं. अण्णांनी तेव्हा माझ्याकडं बघितलं, आणि मी ते मिटलं. कावीळ झालेली ती पायरी आठवली. पेज आठवली. हा माणूस खोटा ठरला तर याचं टेस्टिंगचं काम जाईल, अक्काचं घर जाईल, असलं काय काय डोक्यात आलं. आपलं काय जाईल ते त्या वेळी सुचलंच नाही.

साहेब मला म्हणाले, घाई करू नकोस, आज कुत्रा गेला, उद्या माणूस जाईल. तुला या कामावर ठेवू नये असं माझं मत आहे. तेव्हा अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लेकरू हाय साहेब. चुकलं. माझ्या जबाबदारीवर ठेवतो." साहेबांनी ऐकलं. परत जाताना ड्रायव्हर मला म्हणाला, "दुसरा कोण असता तर आजच हाकलला असता तुला. अण्णांचे पाय धुऊन पाणी पी." मी मान हलवली.

रात्री अक्कानं मला जास्तीची पोळी वाढली. "जीव वाचला तुझा," म्हणाली. अण्णा खाली बघून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच अज्जांकडं गेलो. कुत्रा त्यांनी परड्यात पुरला होता. मी सांगायला लागलो, माझी चूक झाली म्हणून, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुझी कशी? ते यंत्र झाडाला होतं. तुझ्या हातात काठी होती. माझे डोळे अजून गेले न्हाईत."

मी परड्यातल्या उकरलेल्या मातीकडं बघितलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई," अज्जा म्हणाले. "इचारलं असतं तर सांगितलं असतं. सांगू काय?"

"नको अज्जा."

"तुझं तू बघ. पर कुत्र्याचं वाईट वाटतंय ते वेगळं, आणि तुझ्या नावावर घातलं त्याचं वेगळं."

मी स्वतःला समजावत होतो, की अण्णांचं बोट एकदाच घसरलं असेल. जंगल खात्याची परवानगी दिवस मावळायच्या आत संपायची, साहेब खुर्चीत बसून घड्याळ बघायचे, माणूस घाबरला आणि खोटं बोलला. एकदा घाबरलेल्याला माफ करता येतं. मलाही रोज भीती वाटायची, मी कोण मोठा?

टोक दुरुस्त करून परत टेस्ट ठरली. सकाळी अण्णा नेहमीसारखे माझ्याकडं वाकले. "आज कुठली?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी क्षणभर बघितलं. "बटाटा," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

मी टोकावर पोचलो, कळवलं. फाटे पुसले, दोर तपासला. अर्थिंगला मात्र हात लावला नाही. तिन्ही क्लॅम्प जागेवर ठेवून दोराबाहेर आलो आणि अज्जांच्या शेजारी दगडावर बसलो. यंत्र मांडीवर ठेवलं. अर्थिंग असताना दाब दिला तर कुणाला काही होत नाही, पलीकडं सेट तेवढा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मला फक्त बघायचं होतं, की अण्णा भाजीची वाट बघतात. त्यांनी बघावी असं मनापासून वाटत होतं. बघितली असती तर मी थोड्या वेळानं उठलो असतो, क्लॅम्प काढले असते, बटाटा म्हटलं असतं, आणि कुत्र्याचं सगळं पोटात घातलं असतं. अज्जा सुपारी कातरत होते. कोनाच्या वेलांवर एक पाखरू सारखं उतरत होतं, सारखं उडत होतं.

यंत्र खरखरलं.

"अर्थिंग काढलं न्हाईस व्हय रं?"

अगदी सहज. जेवलास का विचारावं तसं.

मी त्या यंत्राकडं बघत राहिलो. पोचल्याचं सांगितल्यापासून मी एक अक्षर बोललो नव्हतो. अर्थिंग लावलेलं आहे हे अण्णांना इतक्या लांबून कळायला एकच वाट होती. त्यांनी दाब देऊन बघितला होता. आणि आवाजात जराही दचकणं नव्हतं, म्हणजे हे आजचं नव्हतं आणि त्या दिवसाचंही नव्हतं. किती टोकांवर, किती सकाळी मी आईच्या भाज्या हुडकून आणल्या होत्या, आणि मी दोराबाहेर आलो की नाही याची वाट न बघताच पलीकडं बटण दाबलं जात होतं. करडी म्हणताना, कुर्डू म्हणताना, मागं फाटे आधीच जिवंत होते.  

"अण्णा," मी म्हणालो, "भाजी अजून सांगितली नाही मी."

 मग जीपचा आवाज आला, रस्त्यावरून वर येणारा.

ते एकटेच आले. अज्जा उठून घरात गेले. अण्णा माझ्यासमोर उभे राहिले, क्लॅम्पकडं बघितलं, मग जमिनीवर.

"माझी परीक्षा घेतलीस व्हय," ते म्हणाले.

"तुम्ही थांबाल असं वाटलं होतं."

"रोज थांबलो तर काम कधी उरकायचं? तू टोकावर पोचलो म्हटलंस की माझा हिशोब असतो. एवढ्या वेळात तू काढून बाहेर येतोस. तू कधी चुकत न्हाईस रं. दुसऱ्या कुणावर मी असा भरवसा टाकला नसता."

ते मनापासून सांगत होते. हेच मला अजून पचत नाही. माझ्यावर भरवसा होता म्हणून माझा जीव बघायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"आणि चिघळ?" मी विचारलं.

 त्यांनी उलट विचारलं, "साहेबांना सांगणार काय?"

"नाही."

"मग?"

"आज तुम्ही या टोकाला बसा. सेट मी चालवतो. तुम्हीच शिकवलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर ते दिसलं, जे माझ्या तोंडावर ते रोज बघत आले होते. हात पुढं करून त्यांनी काठी घेतली. मी किल्ली घेतली आणि जीप खाली नेली.

साहेबांनी विचारलं, "अण्णा कुठं?"

"पलीकडच्या टोकाला. आज मी बसतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुर्ची जरा सेटजवळ ओढली आणि काही विचारलं नाही. त्यांना कितपत कळलं होतं, मला माहीत नाही. वॉकीटॉकीचा आवाज मोठा असतो आणि ते मघाशी तिथंच बसलेले होते.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. सेटच्या जवळही नाही. जनरेटर घरघरत होता. ड्रायव्हर दोनदा घड्याळ दाखवून गेला. मग यंत्रातून आलं, "बटाटा." लगेच परत, "बटाटा. ऐकलंस न्हवं? बटाटा रं पोरा."

असल्या आवाजात अण्णा बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"दोराबाहेर आहात?" मी विचारलं.

"बाहेर. बाहेर हाय."

"अज्जा?"

"घरात हायत. कोण न्हाई इथं. बटाटा."

"अजून थोडं मागं सरा अण्णा. सरलात की सांगा."

"सरलो."

तेव्हा मी सेटला हात लावला. माझा तळवा कोरडा होता. केबलनं दाब धरला, शेवटपर्यंत धरला, आणि पास झाली. साहेबांनी मान हलवली. मी दाब उतरवला, अर्थिंग केलं आणि यंत्रावर सांगितलं, "बंद केलंय. लावा तुमचं." पलीकडून 'हो' आलं की 'बरं', ते खरखरीत कळलं नाही.

त्या कामानंतर मी दुसरी टोळी धरली. अक्का सणाला फोन करते. कधी मागून अण्णांचा आवाज येतो, "जेवतोय का न्हाई विचार त्याला." मी जेवतोय म्हणून सांगतो, आणि त्यांची तब्येत विचारतो. त्यांचे उपकार फिटलेले नाहीत. गावी गेलो तेव्हा आईनं चिघळ केली होती, मुद्दाम रानात जाऊन आणलेली. पानात वाढली आणि समोर बसून राहिली. मी खाल्ली. तिनं विचारलं, तिकडं मिळते का रे ही, तर म्हणालो, तिकडं कुणाला नावसुद्धा माहीत नाही.